पाय धरू नका

(नाशिक, १९८२. सरकारी दवाखान्यातली व्यायामाची खोली. उंच बाकावर ट्रक ड्रायव्हर भिकन पगारे पाय खाली सोडून बसला आहे. शेजारी स्टुलावर त्याची बायको यशोदा. समोर व्यायाम शिकवणाऱ्या गायधनीबाई.)

गायधनीबाई: परत तेच. पगारे, मी काय सांगितलं होतं?

भिकन: पाय सरळ करायचा.

गायधनीबाई: आणि मी काय करणार?

भिकन: तुमी पाय धरणार.

गायधनीबाई: मी पाय धरणार, खाली दाबणार, आणि तुम्ही माझ्या हाताला विरोध करायचा. मग केलात का?

भिकन: केला की.

गायधनीबाई: कुठं केलात? मी वाकून हात लावते न लावते तोच पाय बाकाखाली.

भिकन: गेला खरा.

यशोदा: गेला खरा म्हणे. पाय काय शेजाऱ्याचा हाय का, वाटंल तवा उठून जायला?

भिकन: तू जरा गप बसती का?

यशोदा: कांद्याच्या वखारीतली आजची हजेरी बुडवून आले, ती गप बसायला नाय. बाई, मी सांगते. ह्यांच्या पायाला आता काय धाड भरलेली नाय. काल दिवेलागणीला धाकटीला पायावर बसवून झुलवत होते. चार वर्सांची पोर, चांगली गुटगुटीत. वर जा, खाली ये. मी चुलीपासून बघत होते.

गायधनीबाई: कोणत्या पायावर?

यशोदा: आधी दोन्ही. मग उजवा दमला म्हणून एकट्या डाव्यावर.

गायधनीबाई: दुखावलेल्या डाव्यावर? पगारे, खरं का हे?

भिकन: पोरगी रडत होती.

गायधनीबाई: ती का रडत होती ते नाही विचारत मी. पाय वर कसा गेला?

भिकन: ते मी कुठं बघितलं. मी पोरीकडं बघत होतो.

गायधनीबाई: थांबा. मला एकदा डोळ्यांनी बघू दे. हा लोखंडी बूट घालते. पट्टा टोचत नाही ना? याला एक चकती लावते. अजून एक. आता मी हात लावत नाही, लांब उभी राहते. करा पाय सरळ. सावकाश. छान. तिथंच ठेवा, मांडी थरथरली तरी ठेवा. आता हळूहळू खाली. आदळायचा नाही. खाली आणतानाही मांडीनंच सांभाळायचा असतो.

भिकन: उताराला गाडी गिअरमध्ये आणतात तसं.

गायधनीबाई: असेल, मला गाडी येत नाही. पण पगारे, मी हातानं जेवढा जोर लावते त्याच्यापेक्षा हे वजन जास्त आहे. ते तुम्ही उचललंत.

यशोदा: बघा. मी काय सांगत होते.

गायधनीबाई: आता बूट काढते. तोच पाय, तोच गुडघा. मी पाय धरते आणि तुम्ही...

भिकन: धरू नका ना, म्याडम.

गायधनीबाई: धरल्याशिवाय कळणार कसं? करा सरळ. जोर लावा. लावा, लावा. गेला. पुन्हा गेला.

यशोदा: नाटकं नुसती.

भिकन: नाटक नाय. आईची आण.

यशोदा: आईची आण घेऊ नका. म्हातारी आधीच खोकती हाय.

गायधनीबाई: मला खरंच कळत नाही. मुंबईला शिकताना कितीतरी पाय पाहिले, असा नाही पाहिला. लोखंड उचलतो आणि बोटं टेकवली की पडतो. उलटं असतं तर समजलं असतं.

भिकन: मलाबी नाय कळत.

गायधनीबाई: उद्या सकाळी मोठे डॉक्टर येणार आहेत, ते तरी माहीत आहे ना? ते बूट बघत बसत नाहीत, हात लावूनच तपासतात. मागच्या खेपेला त्यांनी तुम्हाला पाचांपैकी तीन दिले. म्हणजे पाय स्वतःचं वजन उचलतो, पण कुणी आडवं आलं की खचतो. उद्याही तीनच निघाले तर ते हलक्या कामाची चिठ्ठी देतील आणि तुमचं इथलं येणं बंद करतील.

यशोदा: आन हलक्या कामाची चिठ्ठी दिली का शेठ काय करणार, ते सांगा की बाईंना.

भिकन: त्यांना कशाला?

यशोदा: मग मी सांगते. हितं नाशकातच, द्वारकेला शेठचं गोडाऊन हाय, तिथं राखणदार. एक खुर्ची आन एक काठी. हाफिसात शेठनं रंगीत टीव्ही आणलाय, तर माणसं आत टीव्ही बघणार आन हे भाईर खुर्चीत डास मारत बसणार. मिसरूड फुटली तवापासून गाडीवर असलेला माणूस. खुर्चीत बसवला तर सहा महिन्यांत म्हातारा होईल. मला नको तसलं.

भिकन: माझी गाडी नव्या ड्रायवरला दिली, म्याडम. तिचा दुसरा गिअर अडकतो. क्लच दाबायचा, अर्धा सोडायचा, परत दाबायचा, मग पडतो. त्याला नाय म्हाईत. खडखड करत नेतो. परवा द्वारकेच्या चौकात उभा होतो कुबडी घेऊन, तर लांबूनच आवाज आला. मी बघितलंसुदीक नाय, पाठ फिरवली. रडायला आलं मला.

गायधनीबाई: मग जोर लावा ना.

भिकन: लावतो. हितून, डोक्यातून लावतो. तिथं खाली पोचतच नाय.

यशोदा: मी एक इचारू? घाटाची भीती बसलीये का? गाडी कठड्यावर गेली, गुडघ्याची वाटी फुटली, कुणालाबी भीती बसंल. त्यात लाज कसली. हा क्लचचा पाय. मन म्हणत असंल, बरा होऊ नको रं बाबा, बरा झालास तर परत घाट हाय.

भिकन: भीती असती तर सपनात कसारा घाट उतरलो नसतो. रोज उतरतो. झ्याक उतरतो, हॉर्न मारत. भीती नाय ती. का तीच असंल? मला नाय सांगता येत. डोकं भंजाळलंय माझं. पाय माझं ऐकत नाय का मी पायाचं ऐकत नाय, तेच कळंना.

गायधनीबाई: बरं, मी शिकवण्यात चुकत असेन. मी विरोध करा म्हणते ना, त्या शब्दानं काही होतं का?

भिकन: विरोध आमी मोर्च्यात करतो. नामांतराच्या मोर्च्यात केला, दोन काठ्याबी खाल्ल्या. पण तुमचा विरोध कशापायी करायचा? तुमी माझं भलं करताय.

गायधनीबाई: माझा नाही हो. माझ्या हाताचा.

यशोदा: हात काय बाई घरी खुंटीला ठेवून येतात का? हाताचा केला म्हंजी बाईंचाच झाला.

भिकन: मी तेच म्हणतोय.

गायधनीबाई: बाईमाणसाच्या हाताला पाय लावायचा याचा संकोच वाटतो का? स्पष्ट सांगा, मला राग नाही येणार. बाहेर फकिरा आहे, वॉर्डबॉय. त्याला हात लावायला सांगते.

भिकन: तसं पण वाटतं थोडं. शिकलेली बाई आन तिला लाथ मारल्यासारखं करायचं.

गायधनीबाई: मग एवढे दिवस बोलायचं नाही का? फकिराला हाक मारते.

यशोदा: थांबा, बाई. मागच्या खेपेला मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, ते काय बाईमाणूस होते? या एवढ्या मिशा. तवाबी पाय असाच मागं पळाला. मी दारातनं बघितलं.

गायधनीबाई: अरे हो. हे माझ्या लक्षातच आलं नाही.

भिकन: म्हंजी तेबी नाय.

गायधनीबाई: तेही नाही.

भिकन: मग काय?

गायधनीबाई: तेच तर कळत नाही. एक करू. स्नायू कसा काम करतो ते मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आठवतं?

भिकन: सांगितलं होतं. मला वाटतं डोळा लागला होता माझा.

गायधनीबाई: स्नायूला ढकलता येत नाही, पगारे. बिचाऱ्याला एकच काम येतं, आवळायचं. मांडीचा पुढचा स्नायू आवळला की गुडघा सरळ होतो. मागचा आवळला की पाय मागं येतो. पुढचा आवळताना मागच्यानं सैल सोडायचं असतं. दोन्ही एकदम आवळले तर...

भिकन: तर एका गाडीत दोन ड्रायवर. एक गाडी काढतोय आन दुसरा ब्रेकवर उभा.

गायधनीबाई: तसंच काहीसं. यशोदाबाई, इकडं या. हात द्या तुमचा. हा इथं, मांडीच्या मागच्या अंगाला, गुडघ्याच्या जरा वर. काय लागतंय?

यशोदा: मऊ लागतंय.

भिकन: चार माणसांत काय हे.

यशोदा: बायको हाय मी तुमची. आन चार माणसं कुठं हायेत हितं?

गायधनीबाई: हात तिथंच राहू द्या. तो मागचा स्नायू. आता मी पाय धरायला वाकते, तुम्ही फक्त सांगत राहा.

यशोदा: टणक झालं की. वायररोपगत.

गायधनीबाई: पण मी अजून हात लावलाच नाही.

यशोदा: नुसत्या वाकलात तुमी.

गायधनीबाई: पुन्हा बघू. उभी राहिले. आता?

यशोदा: मऊ.

गायधनीबाई: वाकले.

यशोदा: टणक.

गायधनीबाई: आता दोन्ही हात पाठीमागं धरून वाकते. हात लावणारच नाही.

यशोदा: तरी टणक.

गायधनीबाई: कमाल आहे. म्हणजे माझ्या हाताचा काही संबंधच नाही. पुढचा स्नायू धडधाकट आहे, मागचा त्याला ओढून धरतोय. आणि तो मी वाकले की जागा होतो. पगारे, मी वाकले की तुमच्या मनात काय येतं?

भिकन: काय नाय येत.

गायधनीबाई: काहीतरी येत असेल.

भिकन: पाय येतो मागं. मनात काय नाय.

गायधनीबाई: यशोदाबाई, तुम्ही हात का काढून घेतलात?

यशोदा: काय नाय.

गायधनीबाई: काहीतरी आहे. सांगा.

यशोदा: मला म्हाईत हाय ते, बाई. पायाशी कुणी वाकलं का हे पाय मागं घेतात. माझ्या येळेला घेतला होता.

भिकन: कवा?

यशोदा: लग्नात.

भिकन: लग्नात कवा?

यशोदा: हार घालून झाले, वंदना झाली. आमच्या वणीच्या अंगाला धम्म घेतला तरी म्हाताऱ्या बायांचं पाया पडणं सुटलं नव्हतं. माझी आजी म्हणली, जा, नवऱ्याच्या पाया पड. मी वाकले. हात पायाला लागायच्या आत ह्यांनी पाय मागं घेतला. चटका बसल्यागत. सगळ्या बाया बघत होत्या. ह्यांची मावळण हाय, झुंबरबाई, ती तोंडाला पदर लावून हसली. म्हणली, पोराला पोरगी पसंत नाय वाटतं.

भिकन: असं म्हणली आत्याबाई?

यशोदा: तुमाला नाय ऐकू गेलं. तुमी फोटू काढायला उभे राहिलात.

भिकन: मला काय आठवत नाय.

यशोदा: तुमाला कसं आठवंल. बघायला आलात ते माझ्या थोरल्या बहिणीला. ती गोरी. तिचं जमलं नाय म्हणून मग मी. काळी. त्यात लग्नात पाय मागं घेतलेला. मी काय समजायचं?

गायधनीबाई: मी जरा बाहेर थांबू का?

यशोदा: नका जाऊ, बाई. तुमी गेलात का हे बोलायचे नायत. घरीबी बोलत नायत. गाडीशी बोलतात.

भिकन: येवढी वर्सं तू हे मनात ठेवलं?

यशोदा: मग काय डोक्यावर घेऊन फिरू? पयल्या दोन-तीन वर्सांत सणासुदीला वाकून बघायचे. दर येळी तेच. मग सोडून दिलं. तुमी संसार वाईट केला असता, दारू पेला असता, मारलं असतं, तर भांडून इचारलं असतं. तसं काय केलं नाय तुमी. चांगलं वागलात. त्यामुळं इचारायला तोंडच राहिलं नाय. पण ते आत होतं.

भिकन: यशोदे, ते तसं नव्हतं.

यशोदा: मग कसं होतं?

भिकन: ते बापाचं हाय.

यशोदा: मामंजींचं काय?

भिकन: गावात बापाला येता-जाता पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून पाया पडावं लागायचं. पायालासुदीक नाय, लांबून, जमिनीला हात लावायचा. मग छप्पन साली तो नागपूरला जाऊन आला. आला तवा अंगावर पांढरी कापडं, पायात धूळ. मी दारात वाकलो, रोजच्यासारखा. मी असंल नऊ-दहा वर्सांचा. त्यानं पाय मागं घेतला. म्हणला, भिकन, आजपासून कुणाच्या पाया पडायचं नाय आन कुणाला आपल्या पाया पडू द्यायचं नाय. हात जोडायचे, मान ताठ ठेवायची.

गायधनीबाई: आणि ते तुमच्या लक्षात राहिलं.

भिकन: बोलणं नंतर कोणी कोणी सांगितलं असंल, ते नाय सांगता येत. पण त्याचा पाय मागं गेला, तो दिसतो मला. धुळीत बोटांची रेघ उठली होती. मला वाटलं माझं काय चुकलं. मीबी घाबरलो होतो. तुझ्यासारखाच.

यशोदा: मग मला का नाय सांगितलं?

भिकन: मला वाटलं, आपल्यात हे समद्यांना ठाऊक असतं. आन खरं सांगू? मी पाय मागं घेतो हे मलाच ठाऊक नव्हतं. आत्ता बाई म्हणल्या तवा कळलं. म्हंजी मी घेतो का तो जातो, ते अजूनबी नाय कळलं.

यशोदा: म्हंजी काळी म्हणून नाय.

भिकन: तू काळी कुठं हायेस.

यशोदा: हाय मी काळी. खोटं बोलू नका.

भिकन: बरं, हायेस. त्याचं काय? पायाला काय रंग दिसतो का?

गायधनीबाई: आणि मी रोज समोर वाकून काय म्हणत होते? पगारे, मी तुमचे पाय धरते.

यशोदा: आन दाबते म्हणता. पाय दाबते.

गायधनीबाई: आम्ही इंग्रजीत शिकलो. मी आपलं सरळ मराठी करून सांगत होते.

भिकन: मराठीत पाय धरतो तो गरजवंत असतो, म्याडम. तुमी धरते म्हणलात का मला कानकोंडं व्हायचं. तुमच्यासारख्या घरातली बाई, डॉक्टरसारखीच, आन माझे पाय धरते म्हणती. बाप बघायला असता तर हसला असता का रागावला असता, मला सांगता नाय यायचं.

गायधनीबाई: मग मी काय म्हणू? पकडते?

भिकन: पकडतात चोराला.

गायधनीबाई: ओढते?

यशोदा: पाय ओढतात ते भाऊबंद.

गायधनीबाई: कठीण आहे. पायाला धरून मराठीत एकही सरळ शब्द नाही का?

भिकन: तुमी नक्की काय करता ते सांगा. मग शब्द बघू.

गायधनीबाई: तुमचा पाय पुढं चाललेला असतो. मी त्याला जाऊ देत नाही. बस, एवढंच.

भिकन: म्हंजी अडवता.

गायधनीबाई: अडवते. हो. मी तुमचा पाय अडवते.

भिकन: मग आधीच म्हणायचं. अडवणाऱ्याचं काय करायचं ते ठाऊक हाय की आमाला.

गायधनीबाई: चला तर. यशोदाबाई, हात मागच्या स्नायूवर ठेवा. पगारे, मी तुमचा पाय अडवतेय. काढा पुढं.

यशोदा: टणक झालं. नाय, सैल पडलं जरा. परत टणक.

गायधनीबाई: पण पाय मागं पळाला नाही. मधेच लटकलाय. पाहिलंत का? बिचाऱ्याचा गोंधळ उडालाय.

भिकन: माझाबी उडालाय.

गायधनीबाई: उडू द्या. शब्द कळला, पण अंगाला कळायचाय. उद्या मोठे डॉक्टर वाकतील तेव्हा ते काही अडवतो म्हणणार नाहीत. ते बोलतच नाहीत फारसं. वाकणारं माणूस म्हणजे पाया पडणारं माणूस नव्हे, हे या पायाला आजच शिकवायला हवं. यशोदाबाई, आता तुम्ही या माझ्या जागी.

यशोदा: मी?

गायधनीबाई: घरीही तुम्हालाच करून घ्यायचंय.

यशोदा: मी नाय वाकणार. ह्यांच्या पायाशी तर नायच. एकदा वाकले ते पुरे झालं.

गायधनीबाई: आता कारण कळलं ना तुम्हाला?

यशोदा: कळलं. डोक्याला कळलं. ह्यांच्या पायाला नाय कळलं तसंच माझ्या कमरेला नाय कळलं. परत मागं घेतला तर?

भिकन: नाय घेणार.

यशोदा: ते तुमच्या हातात हाय का? आत्ताच तर म्हणलात, पाय आपला आपण जातो.

भिकन: तू ये तर. मला गाडी पायजे, यशोदे. खुर्ची नको. ये.

यशोदा: गाडीसाठी ये म्हणता.

भिकन: गाडीसाठी ये. आन तसंबी ये.

यशोदा: कुठं धरू, बाई? म्हंजी, कुठं अडवू?

गायधनीबाई: घोट्याच्या वर, नडगीवर. पावलाला नाही. दुसरा हात गुडघ्याच्या वर नुसता टेकवा. स्टूल घ्या, नाहीतर खाली बसा, कसंही. मागच्या स्नायूवर मी हात ठेवते. हं, वाका.

यशोदा: वाकले.

भिकन: आईशप्पथ, मी नाय घेतला.

यशोदा: घेतलात. गेला बघा बाकाखाली. मी म्हणलं होतं. सरा, मला उठू द्या.

गायधनीबाई: उठू नका, यशोदाबाई. आज तो इतका लवकर शिकला असता तर मलाच नवल वाटलं असतं. पुन्हा एकदा.

यशोदा: मला परत तसंच वाटतंय. लग्नातल्यागत.

भिकन: मलाबी.

यशोदा: थांबा. मी आता सांगते, ते ऐका. मी बायको नाय. लग्न नाय, हार नाय, कुणी बघत नाय. तुमी कसारा उतरून आलात आन मी नाक्यावरचा शिपाई. गाडी अडवलीये. परमिट दाखवा.

भिकन: परमिट हाय माझ्याकडं.

यशोदा: दाखवा मग.

भिकन: सायेब, टाइम नाय. मुंबईचा माल हाय, टमाटे हायेत, नासतील. सोडा.

यशोदा: नाय सोडत. काय करणार?

भिकन: सोडा म्हणतो.

यशोदा: नाय.

गायधनीबाई: यशोदाबाई, हात घट्ट. येतोय पुढं. मागचा सैल आहे, अगदी सैल. पगारे, थांबू नका, श्वास सोडा, जोर लावा.

भिकन: लावतो.

यशोदा: लावा. वखारीत कांद्याची गोणी ओढणारे हात हायेत हे. बाईंसारखे नायत.

गायधनीबाई: तिथंच राहू द्या. पायही हलू देऊ नका आणि हातही. जागच्या जागी दोघांनी जोर लावा. सगळ्यात जास्त ताकद यातच लागते. पाहा, मांडी कशी फुगलीये. चार आहेत, पगारे. चार तरी नक्की आहेत.

भिकन: उद्या मोठे डॉक्टर वाकले तर?

गायधनीबाई: तर त्यांच्या जागी यशोदाबाई आहेत असं समजा.

यशोदा: मिशावाल्या.

गायधनीबाई: पुरे आता. जमलं त्याच दिवशी जास्त नको. यशोदाबाई, सोडा.

यशोदा: सोडते, बाई. जरा थांबा.

भिकन: मांडी भरून आली. सोड की.

यशोदा: पाय मागं घ्या, आपोआप सुटंल.

भिकन: नाय घेत.